साताऱ्याचं कोरं मशीन

त्या मंगळवारी सकाळी मी कॉम्प्युटरवरचं कापड काढून त्याची काच पुसत होते. गजू यायचा असला की हे काम मी पोहे भिजवण्याआधी उरकते. तो घरात आला की चपला काढल्या-न काढल्यासारख्या करून सरळ खिडकीजवळच्या टेबलाशी जातो, काचेवर बोट फिरवतो आणि धूळ लागली तर ते बोट माझ्यापुढं धरून म्हणतो, "हेडमास्तरीणबाई, फळा कोण पुसणार?" साठीला आलेला माणूस, पण माझी खोडी काढायला मिळाली की त्याचा चेहरा आठवीतल्या पोरासारखा होतो... होत असे. हे 'होत असे' लिहायला मला अजून जमत नाही.

फोन वाजला. सांगलीहून माझी भावजय सुमती बोलत होती. मला वाटलं, गजूची गाडी चुकली असणार. सुमती म्हणाली, "वन्सं, तुम्ही आधी खाली बसा." मी बसले नाही, उभ्यानंच ऐकलं. गजू पहाटे उठला होता. पहाटे टेलिफोनची लाइन मोकळी असते, म्हणून नवं पान इंटरनेटवर चढवायचं काम तो त्याच वेळी करत असे. पान चढलं. "चढलं एकदाचं, आता अक्काकडं जाऊन बघतो," असं सुमतीला म्हणाला, माझ्यासाठी घेतलेली भडंगाची पिशवी दारापाशी आणून ठेवली आणि मोजे घालायला खुर्चीवर बसला. एक मोजा पायात चढला होता. दुसरा हातातच राहिला...

हा लेख मी माझ्या अमेरिकेतल्या नातवंडांसाठी, मैत्रेयी आणि ऋत्विकसाठी लिहिते आहे. एरवी त्यांच्यासाठी मी जे लिहायची ते गजू कॉम्प्युटरवर जुळवायचा आणि त्यांना तिकडं घरबसल्या दिसायचं. आता जुळवणारा नाही, म्हणून या पुरवणीचं दार वाजवलं. छापून आलं की कात्रण पोस्टानं पाठवीन. छापलेल्या कागदावर गजूचा शेवटपर्यंत सर्वांत जास्त विश्वास होता, तेव्हा त्याला ही वाट नापसंत पडणार नाही. बाळांनो, अमेरिकेला गेल्यापासून तुम्ही तुमच्या गजूआजोबांना दोनदाच भेटलात. दोन्ही वेळा ते तुमच्याशी पत्ते खेळले आणि दोन्ही वेळा हरल्यावर रुसून गच्चीत जाऊन बसले, एवढंच तुमच्या लक्षात असेल. 'आजीचं पान' ते कसं करायचे आणि त्यासाठी दर पंधरा दिवसांनी सांगलीहून साताऱ्याला का यायचे, हे तुम्हाला कुणीच सांगितलेलं नाही.

आमच्या वडिलांचा सांगलीला गणपती पेठेमागच्या बोळात छापखाना होता. लग्नपत्रिका, हळदीच्या व्यापारी पेढ्यांची बिलबुकं, नाटकांची हँडबिलं, असली कामं. तुम्ही बटण दाबलं की अक्षर उमटतं. तेव्हा एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा असायचा, आणि असे खिळे लाकडी केसच्या खणांतून उचलून ओळ जुळवायची. साधा टाइप एका केसमध्ये, ठळक टाइप दुसऱ्या केसमध्ये. ठळक टाइपाला छापखान्यात 'ब्लॅक' म्हणतात. गजू दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून जुळवायला बसला. त्याचा हात केसवर फिरायचा तो बघत राहावा असा. खणाकडं न बघता खिळे उचलायचा आणि तोंडानं दुसरंच काहीतरी बोलत असायचा. वडिलांचा एक नियम होता, जुळवणाऱ्यानं स्वतःचं प्रूफ वाचायचं नाही. आपल्या डोळ्याला आपण जे जुळवलं असं वाटतं तेच दिसतं, जे जुळवलंय ते दिसत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून गजूनं जुळवलेलं मी वाचायची. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी आणि स्वभावानं काटेकोर. चूक सापडली की मी समासात फुली मारायची आणि तो जीभ काढून दाखवायचा. पुढं मी इंग्रजी घेऊन एम. ए. झाले, लग्न होऊन साताऱ्याला आले, मुलींच्या शाळेत शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. गजूनं इंटरला कॉलेज सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही. वर्गात हाताला काम नसतं, अशी त्याची तक्रार होती.

नव्वदच्या आसपास खिळे भंगारात गेले. बाकीचे छापखानेवाले हळहळले. गजूनं मात्र घरातला एक सोफा विकून जागा केली आणि कॉम्प्युटर आणला. सत्त्याण्णव साली तुमचे बाबा, म्हणजे माझा समीर, सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी मलाही एक घेऊन दिला, तुमच्याशी ईमेल करता यावी म्हणून. तो बघायला गजू साताऱ्याला आला. समीरनं त्याला इंटरनेटवरचं एक पान दाखवलं, कुठल्याशा परदेशी बागेचं. गजू म्हणाला, "छान आहे. छपाई बरी आहे." मग समीरनं सहज त्या पानाची आतली बाजू उघडून दाखवली, जिथं सगळा मजकूर कोनी कंसांतल्या खुणांनी भरलेला असतो. गजू खुर्ची ओढून पुढं सरकला. "अरे, हे तर आमचंच काम आहे की! आम्ही कॉपीवर, म्हणजे छापायला आलेल्या मजकुरावर, लाल पेन्सिलीनं खुणा करायचो त्याच ह्या. इथं मथळा, इथं मधोमध, इथं ब्लॅक. आणि हे उघडं ठेवतात? कुणीही बघावं?" समीर म्हणाला, "कुणीही बघावं, मामा." त्यावर गजू जे म्हणाला ते मला अजून ऐकू येतं. "मग आता मला कोण थांबवतंय?"

समीर जाताना त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक देऊन गेला. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण इतकं कंटाळवाणं इंग्रजी पुस्तक माझ्या वाचनात आलं नव्हतं. गजूला इंग्रजी अडत अडत यायचं, म्हणून तो ते घेऊन माझ्याकडं यायचा. मी वाचून मराठीत सांगायची आणि तो ते लगेच करून बघायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण व्याकरण कळत होतं; उघडलेला कंस मिटलाच पाहिजे, आत सुरू झालेलं आतच संपलं पाहिजे. गजूला मात्र प्रत्येक गोष्टीत छापखाना दिसायचा. दोन चित्रांमध्ये जागा सोडायची तर त्यांत एक पारदर्शक, न दिसणारं चित्र घालायचं, असं पुस्तकात आलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच; छापखान्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडायला अक्षर नसलेले खिळे घालायचे. "कोरे खिळे! अक्का, इथंही कोरे खिळे लागतात! मला वाटलं होतं एवढी अक्कल आपल्याकडंच." पानाची मांडणी तो चौकटीत चौकट बसवून करायचा आणि त्याला अजूनही गॅलीच म्हणायचा, जुळवलेल्या ओळी ठेवायच्या तबकाला म्हणतात तसं. आपोआप पान तयार करून देणारं एक सॉफ्टवेअर त्याला कुणीतरी दिलं होतं. त्या सॉफ्टवेअरनं केलेलं पान गजूनं मागून उघडून पाहिलं आणि नाक मुरडलं. "वरून पैठणी आणि आत शिवण बघ, एका टाक्याच्या जागी दहा टाके. नको." तो आपला साध्या नोटपॅडमध्ये एकेक खूण हातानं टाइप करायचा. दुरुस्ती करूनही जुनंच पान दिसत राहिलं की चिडून म्हणायचा, "शिळं वाढतंय बघ मला," आणि मी म्हणायची, "अरे, ताजं करायचं बटण दाब ना."

एक चूक मात्र त्याची कधी सुटली नाही. शब्द ठळक करायचा तर आधी खूण करून ब्लॅक सुरू करायचा आणि शब्द संपला की दुसरी खूण करून बंद करायचा. गजू सुरू करायचा आणि बंद करायला विसरायचा. मग तिथून खाली सगळं पान ब्लॅक. याला छापखाना कारण. तिथं ब्लॅकच्या केसमधून हात काढला की ब्लॅक संपतो. वेगळं सांगावं लागत नाही. चाळीस वर्षं ज्याचा हातच सांगत आला, तो तोंडानं कशाला सांगेल? मी स्वयंपाकघराच्या दारातून बघूनच ओळखायची.

"गजू, पुन्हा काळं झालंय."

"कुठं?"

"मथळ्यापासून खाली बघ की."

"ते मुद्दाम केलंय गं."

"मुद्दाम? पत्ता आणि पिनकोडसुद्धा ब्लॅक?"

"पिनकोड महत्त्वाचा असतो," म्हणायचा आणि गुपचूप बंद करायचा.

आता मैत्रेयी, तुझी गोष्ट. इथून गेलीस तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि माझ्याकडं बसून मराठी वाचायला शिकली होतीस. तिकडं गेल्यावर तू ईमेलवर मराठीच लिहायचीस, पण इंग्रजी अक्षरांत. एकदा तू लिहिलंस, 'आजी, मी आज वहीत बाळ लिहायला गेले आणि ळ कसा काढायचा तेच आठवेना.' ते वाचून मला काय झालं हे तुला मोठेपणी कळेल. ऋत्विकला तर एकही अक्षर येत नव्हतं. पुढच्या खेपेस गजू आला तेव्हा मी त्याला तुझं पत्र दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "तू लिही. सोपं, मोठ्या अक्षरांत वाचता येईल असं. मी जुळवतो. पोरांना घरी मराठी दिसेल, माझ्यावर सोपव." आणि 'आजीचं पान' सुरू झालं. पहिल्या पानावर मी अजिंक्यताऱ्यावरून घर कसं दिसतं ते लिहिलं होतं. गजूनं ते चार दिवस खपून सजवलं. समीरनं अमेरिकेतच कुठंतरी पानं ठेवायची जागा मिळवून दिली होती, तिथं चढवलं, आणि आम्ही रविवारच्या फोनची वाट बघत बसलो.

समीरचा फोन आला. म्हणाला, "आई, मामानं काय पाठवलंय? मुलं हसताहेत. नुसती इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली अक्षरं, मध्येच आकडे..." गजू त्या दिवशी माझ्याकडंच होता. रिसीव्हर माझ्या हातून घेऊन त्यानं सगळं ऐकलं, 'बरं' म्हणाला आणि खाली ठेवला. नंतर म्हणाला, "अक्का, खिळे इथंच राहिले." मला कळलं नाही. तेव्हा त्यानं टेबलावर बोटानं काढून समजावलं. कागद छापला की शाई कागदाबरोबर जाते, कागद सातासमुद्रापार गेला तरी अक्षर तेच. इथं मात्र कागदही जात नाही आणि शाईही जात नाही. जाते ती फक्त कॉपी आणि लाल पेन्सिलीच्या खुणा. छपाई बघणाऱ्याच्या घरी होते. आणि समीरच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये मराठी खिळेच नव्हते, मग त्यानं हाताला लागतील त्या इंग्रजी खिळ्यांनी छापून काढलं. "माझ्या मशीनवर मराठी टाइप भरलेला, म्हणून मला मराठी दिसत होतं. मी स्वतःचं प्रूफ वाचत बसलो गं! बाबा असते तर कानाखाली दिली असती."

पुढचे काही महिने त्याला दुसरा विषय नव्हता. आधी तो सगळ्या मजकुराचं चित्र करून चढवायचा. ते तुम्हाला दिसायचं, पण उघडायला इतका वेळ घ्यायचं की ऋत्विक तोवर खेळायला पळायचा. मग पानाबरोबर टाइपही पाठवायची युक्ती निघाली, ती एका जातीच्या ब्राउझरवर चालायची आणि दुसऱ्यावर नाही. दोन्हीकडं चालावं म्हणून तो झटत राहिला. आणि हे सगळं तपासायला त्याला असं मशीन हवं होतं, ज्यात मराठी टाइप कधीच बसवलेला नाही. सांगलीत त्याच्या ओळखीत ज्यांच्याकडं म्हणून कॉम्प्युटर होता ते सगळे छपाईवाले, सगळ्यांकडं मराठी. कोरं मशीन एकच, साताऱ्याचं, माझं. "अक्का, तुझ्या मशीनला मराठीचा हात लागू द्यायचा नाही. पोरांच्या घरी जसं आहे तसंच इथं पाहिजे. तुझ्याकडं दिसलं की तिकडं दिसलं." तेव्हापासून एक आड एक मंगळवार त्याचा झाला. सांगलीहून पहाटेची एसटी धरायची, कराडला चहा, साडेदहाला माझ्या दारात. हातात भडंग. जाताना माझ्याकडून कंदी पेढे. पान उघडायच्या आधी मला टेबलाकडं पाठ करून उभं राहायला लावायचा, कारण पान हळूहळू उघडतं आणि अर्धवट बघितलं की मी चुका काढायला लागते, असं त्याचं म्हणणं. मोडेमचं ते कण्हणं-कुथणं थांबायचं, मग शांतता, मग तो म्हणायचा, "वळ."

माझी मात्र पंचाईत. मलाही मराठीत टाइप करायची हौस आली होती. एकदा मी म्हटलंच, "गजू, ती टाइपची फ्लॉपी इथं ठेवून जा. माझ्या घरात मलाच मराठीची बंदी म्हणजे काय?"

"तू हातानं लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"आणि मी स्वतः जुळवलं तर काय बिघडेल?"

"मग मी काय करू?" तो म्हणाला. थोडं रागावूनच. मग पोह्यांवरची कोथिंबीर बाजूला काढत बसला, जसा लहानपणी बसायचा. मी पुन्हा विचारलं नाही.

याच काळात मी एकदा सांगलीला गेले होते तेव्हा त्याच्याकडं कवठे महांकाळच्या बाजूचे एक सुभेदार आले होते. लष्करातून निवृत्त होऊन द्राक्षं आणि बेदाणा करत होते, आणि परदेशी व्यापाऱ्यांना दिसावं म्हणून गजूकडून इंग्रजीत पान करून घेतलं होतं. गजूनं मोठ्या ऐटीत त्यांना ते उघडून दाखवलं. सुभेदार चष्मा लावून वाकले.

"बेस झालंय. आता ह्येच्या दोनशे परती द्या."

"प्रती कशाला? हे कागदावर नसतं सुभेदार. आता या घडीला अमेरिकेतला माणूस हे बघू शकतो."

"आवं, त्यो बघंल हो. पन माझ्या भावकीला कवा दिसायचं? बाजाराच्या दिशी वाटतो की. जगाला दिसलं आन घरच्यास्नी न्हाई, तर काय उपेग?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ लय हुशार हाय, पन गिऱ्हाइकाचं ऐकत न्हाई बगा."

गजूनं दोनशे प्रती छापून दिल्या, ते गेल्यावर मनसोक्त हसला, आणि मग म्हणाला, "सुभेदार बरोबर बोलले अक्का. ज्याला दाखवायचं त्याला दिसलं पाहिजे. मला तर दोनच माणसांना दाखवायचंय."

आणि त्या दोन माणसांना दिसलं. एका मंगळवारी माझ्या कोऱ्या मशीनवर दोन्ही ब्राउझरांत स्वच्छ मराठी आलं, पण गजूचा विश्वास बसेना. तो मुद्दाम मुक्कामाला राहिला. संध्याकाळी, म्हणजे तुमच्याकडं सकाळी, समीरचा फोन लागला. रिसीव्हर आम्हा दोघांच्या कानांमध्ये धरून आम्ही ऐकत होतो. मैत्रेयी, तू वाचत होतीस, अडखळत, बोट ठेवून वाचत असावीस. 'कृष्णेच्या घाटावर एक बाळ खेळत होतं.' बाळवर थांबलीस. मग ळ नीट म्हणालीस आणि पुढं गेलीस. गजूच्या दाढीचे खुंट माझ्या गालाला टोचत होते. तो रिसीव्हर सोडून मागच्या दारी गेला आणि उगाच नळ सोडून तोंड धुऊ लागला. त्या दिवसापासून ऋत्विकही तुझ्याबरोबर बसायला लागला, आणि पानं येत राहिली, एक आड एक मंगळवार.

तो गेल्यावर मी सांगलीला होते तेव्हा सुमती एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. दारापाशी ठेवलेली ती भडंगाची पिशवी तिनं माझ्या हातात दिली. म्हणाली, "वन्सं, ही तुमची आहे." मग थोड्या वेळानं, "तुम्हाला एक सांगू का? इथंच विश्रामबागेत इंटरनेटचं दुकान निघून वर्ष होत आलं. सहा-सात मशीनं आहेत तिथं, सगळी कोरी. एकातही मराठी नाही. मी यांना म्हणायचे, एवढी दगदग करून एसटीनं कशाला जाता, रिक्षानं जाऊन पाच मिनिटांत बघून या. डॉक्टरांनीही प्रवास कमी करा म्हणून सांगितलं होतं."

"मग?"

"मला म्हणाले, त्या मशीनला चुका काढता येत नाहीत." सुमती हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पिशवी मांडीवर तशीच होती.

साताऱ्याला परत आल्यावर मी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं नाही. शेवटचं पान वर चढलेलं होतं. ते गजूनं पहाटे चढवलं होतं आणि माझ्याकडं येऊन बघायचं ठेवलं होतं. मी ते उघडलं असतं तर बघायचं काम संपलं असतं. न उघडता ठेवलं तर तो यायचा बाकी आहे... असा हिशेब मी, आयुष्यभर मुलींना तर्कशुद्ध लिहायला शिकवलेली बाई, रोज करत होते. सव्वा महिना गेला.

मग एका रविवारी ऋत्विक फोनवर आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यानं विचारलं, "आजी, गजूआजोबांच्या नावानंतर सगळं जाड का आहे?"

मी म्हटलं, "काय रे?"

"नव्या पानावर. त्यांचं नाव जाड आहे. मग पुढं सगळं जाड आहे. शेवटपर्यंत. मी सगळं वाचलं."

सगळं वाचलं म्हणाला. ज्या मुलाला एक अक्षर येत नव्हतं तो.

मंगळवारी सकाळी मी कापड काढलं, काच पुसली, आणि सवयीनं टेबलाकडं पाठ करून उभी राहिले. मोडेम कण्हलं, थांबलं. 'वळ' म्हणणारं कुणी नव्हतं. मी आपणच वळले. मराठी आलं होतं, एकही अक्षर न बिघडता. आम्ही दोघं लहानपणी आयर्विन पुलाखाली पोहायला कसे गेलो होतो ते मी त्या पानासाठी लिहिलं होतं. चौथ्या ओळीत 'माझा धाकटा भाऊ गजू' असं येतं. माझ्या मजकुराला त्यानं इतक्या पानांत कधी हात लावला नव्हता. यावेळी मात्र पठ्ठ्यानं आपलं नाव ब्लॅक करून घेतलं होतं. मी ओरडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ऐकायलाच तो येत होता. सुरू केला आणि बंद करायला विसरला. 'गजू'पासून खाली सगळं ब्लॅक. नदी, पूल, आमचे ओले कपडे, घरी बसलेला मार, आणि शेवटी 'तुमची आजी' हेसुद्धा.

दुरुस्त करायला मला येतं. चार खुणा आहेत: एक कोनी कंस, तिरकी रेघ, एक अक्षर, आणि मिटता कंस. पान चढवायचं कसं तेही त्यानं शिकवलं आहे. समीरनं परवा विचारलं, "आई, आता तरी त्या मशीनमध्ये मराठी टाइप बसवून घे ना, तुला लिहायला सोपं जाईल." मी नको म्हटलं. हा लेखही मी हातानंच लिहिला आहे. माझं मशीन अजून कोरं आहे आणि कोरंच राहील. पान तुमच्याकडं दिसतंय की नाही हे मग कुणी बघायचं? दर मंगळवारी साडेदहाला मी ते उघडते. शिळं नको म्हणून पुन्हा एकदा ताजं करून घेते. अजून मराठीच दिसतं. अजून गजूपासून खाली ब्लॅक. "गजू, पुन्हा काळं झालंय," असं मी मोठ्यानं म्हणते आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसते. तो ब्लॅक येत्या मंगळवारी बंद करायचा आहे, असं ठरवते. मग वाटतं, यावेळी राहू दे... पुढच्या मंगळवारी बघू.